राजीखुशीने, चार वेळा

१० मार्च २०२५, जळगाव

पुण्याच्या संस्थेकडून साठ कागद आले. कायदे, शासन निर्णय, दोन महिला धोरणं, आणि एक परिपत्रक इतकं जुनं की अक्षरं मुंग्यांसारखी पसरली आहेत. प्रत्येक कागदाला शून्य ते चार गुण द्यायचे. प्रश्न एकच: हा कागद पुरोगामी मूल्यांच्या बाजूने किती ठळकपणे उभा राहतो? बाईला, परजातीत लग्न करणाऱ्याला, ज्याला कोणी जवळ बसवत नाही त्याला ‘तू बरोबरीचा आहेस’ असं किती मोठ्याने सांगतो? इतर देशांतही कोणीतरी असेच कागद वाचत बसलं आहे. शेवटी सगळ्यांचे गुण मांडून कुठला देश किती मोठ्याने बोलतो ते ठरणार.

नियम कडक आहे. अंमलबजावणी मोजायची नाही. कागद बोलतो तेवढंच ऐकायचं. प्रकल्पाचे सर फोनवर म्हणाले, “मॅडम, घरचं, गावचं, अनुभवाचं काही आणायचं नाही. तुम्ही थर्मामीटर आहात असं समजा.” जळगावात राहणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

हेच साठ कागद धुळ्यात हिना कोठारी नावाची मुलगी वाचणार आहे. गुण भरेपर्यंत दोघींनी बोलायचं नाही. दोनहून कमी फरक चालतो. दोन किंवा जास्त पडला तर समोरासमोर बसून मिटवायचा.

कॉलेजातले माझे तासिका तत्त्वावरचे तास या महिन्यात संपतील, म्हणून काम घेतलं. सरांनी शंकांची एक वही ठेवायला सांगितली आहे, ती पुण्याला जाईल. ही जाणार नाही.

१६ मार्च, रविवार

वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीला चार दिले. थांबावंसुद्धा लागलं नाही. मुलीला जन्माने, मुलाप्रमाणेच. एवढं स्पष्ट बोलणारा दुसरा कागद गठ्ठ्यात नाही.

जेवताना आमचे हे, लीलाधर, म्हणाले, “अक्काच्या कागदाचं बघ ना जरा. वकिलाने दिलाय मसुदा, पण फार कोरडा आहे. आखाजीला ती येईल तेव्हा तिला वाईट वाटेल असं काही नको त्यात. तू कायदेच वाचतेस सध्या.”

आबा, माझे सासरे, गेले त्याला आता सात महिने झाले. सावद्याच्या नऊ एकर केळीवर वारस म्हणून तिघांची नावं लागली: लीलाधर, सासूबाई, आणि लीलाधरांची मोठी बहीण पुष्पाअक्का. आता अक्का हक्कसोडपत्र करून देतील आणि सातबारा सुटसुटीत होईल. सगळ्या घरांत असंच होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोका खेळतात, आमरस-पुरणपोळी होते, आणि निबंधकाच्या कार्यालयातलं एखादं काम असेल तर तेही त्याच फेरीत उरकतं.

मीही २००९ मध्ये माहेरी, फैजपूरला, किरणला लिहून दिलं होतं. धाकटा भाऊ आहे. मनापासून दिलं. त्या दिवशी मोरपंखी साडी नेसले होते, आणि काम झाल्यावर त्याने आम्हाला आइस्क्रीम खायला नेलं होतं. वाईट वाटल्याचं आठवत नाही.

२३ मार्च

मसुदा पूर्ण केला. खरंच कोरडा होता, नुसतं ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. मी त्यात माणसं आणली. ‘बंधूवरील प्रेमापोटी’ घातलं. ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय’ हे शेवटी एकदाच होतं, ते जिथे जिथे हवं वाटलं तिथे घातलं. देणाऱ्यांत सासूबाईंचं नाव अक्कांच्या खाली होतं. ते वर घेतलं. मोठ्या आहेत, त्यांचा मान आधी.

लीलाधरांनी वाचून पाठीवर थाप दिली. “आता कसं, घरातल्यासारखं वाटतंय.”

मलाही बरं वाटलं. मग संध्याकाळी मेहरूणच्या तलावाला दोन चकरा मारल्या तरी पाय थांबेनात. तिसरी मारली. कारण कळलं नाही. ऊन उतरलेलं नव्हतं हेच असावं.

२९ मार्च

मुलाच्या नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावण्याचा शासन निर्णय. तीन गुण. चौथा का नाही, याचं कारण लिहिताना अडले. शेवटी लिहिलं: ‘आईचं नाव आलं, आडनाव तिचं आलं नाही.’ मग भीती वाटली की हे अनुभवाचं झालं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

१२ एप्रिल, शनिवार

साठांपैकी सत्तावन्न कागदांवर आमचं जमलं. तीनवर नाही, म्हणून आज धुळ्याला गेले. बसमध्ये खिडकीची काच बंद ठेवली तरी भट्टी, उघडली तरी भट्टी.

हिना वडिलांच्या कापडदुकानातच बसते. पस्तिशीची असेल. पाटीवर मोठ्या लाल अक्षरांत: हस्तीमल ॲण्ड सन्स. मी सहज विचारलं, भाऊ किती तुम्हाला?

“एकही नाही. आम्ही दोघी बहिणीच.”

गल्ल्यावरून तिचे वडील म्हणाले, “पाटी माझ्या बापाने रंगवली, ताई. तेव्हा सन्स होते. आता रंगारी मिळत नाही.”

“बाबूजी सात वर्षं रंगारी शोधतायत,” हिना म्हणाली. “आणि गिऱ्हाइकाला सांगतात, ही माझी मुलगी, सध्या आलीय.”

“सध्याच आहे ना तू. उद्या कुठे जाशील कोणी सांगावं. ताईंना थंड मागव.”

हिना लग्न मोडून सात वर्षांपूर्वी परत आली. हिशेब, खरेदी, सुरतेच्या फेऱ्या, सगळं तीच बघते. हे मला तिने नाही, दुकानातल्या बाईने सांगितलं.

दोन कागद पटकन मिटले. तिसरा वारसा कायदा. माझे चार, तिचा एक.

“एक?” मी म्हटलं. “यात शब्द काय आहेत ते तरी बघ.”

“शब्द बघूनच दिला. कायदा म्हणतो, तिचा हक्क आहे. छान. पण तो तिला सांगायचा कोणी? वारस नोंद करणाऱ्याने तिला विचारावं, कागद वाचून दाखवावा, असं एक वाक्य त्यात नाही. हा कायदा मोठ्याने बोलतो, ताई, पण रिकाम्या खोलीत.”

“हे अंमलबजावणीचं झालं. आपण थर्मामीटर आहोत.”

ती हसली. “थर्मामीटर कुठल्या खोलीत टांगलाय ते पण महत्त्वाचं असतं ना.”

दीड तास बसलो, मिटलं नाही. शेवटी ‘मतभेद कायम’ असं लिहून दोघींनी सही केली. निघताना तिच्या वडिलांनी विचारलं, काय मोजता तुम्ही दोघी? हिना म्हणाली, देश किती पुढारलेला आहे ते. ते म्हणाले, “मीटरने का वाराने?”

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग येत होता. पोरगी हुशार आहे, पण तिच्या आयुष्यात जे झालं ते ती कागदावर काढते, असं वाटलं. मी तसं कधीच करत नाही.

१९ एप्रिल

धांदल. वकिलाला हक्कसोडपत्राचा पक्का मसुदा हवा होता, मोबाइलने स्कॅन करून पाठवला. त्याच हाताने पुण्याच्या सामाईक फोल्डरमधले दोन पुसट कागदही पुन्हा स्कॅन केले. आखाजीसाठी अक्कांना पैठणी नको, त्यांना जड साड्या आवडत नाहीत, कॉटनची घ्यावी. अंजिरी बघितली आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

कामं सोडून आधी हे लिहिते.

मसुदा वकिलाकडे गेला, आणि पुण्याच्या फोल्डरमध्येही गेला. मोबाइलमध्ये दोन्हींची जागा एकच होती. तिथे त्याला आपोआप क्रमांक पडला: एकसष्ट. आणि हिनाने तो, कोणाचा काय न विचारता, इतर कागदांसारखाच वाचला आणि गुण दिले.

तिचा शेरा उतरवून ठेवते:

‘शब्दांवर गेलं तर चार. बाईला मालक म्हटलं आहे, तिची इच्छा सर्वांत वर ठेवली आहे, प्रेमाचाही उल्लेख आहे. साठ कागदांत बाईच्या मर्जीला एवढा मान कुठेच नाही. फक्त, राजीखुशीने हा शब्द चार वेळा आला आहे. खरं असतं तर एकदा पुरला असता. नमुन्याचा कागद आहे का? कोणी लिहिला, ते कळलं तर बरं.’

मी फोल्डरमधून कागद काढून टाकला. सरांना कळवलं, चुकून खासगी कागद गेला होता. ते म्हणाले, होतं मॅडम असं, एप्रिलचं ऊन आहे.

हिनाला काही कळवलं नाही. नावं सगळी त्यात आहेत. तिला कळलं असेलच.

२७ एप्रिल

चारपैकी तीन राजीखुशीने काढले. एक ठेवला. वाचून बघितलं तर आता तो एकटाच सगळ्यांत मोठा दिसतो. तो काढला तर वकील पुन्हा घालणार.

लीलाधरांनी विचारलं, सारखी त्या कागदाला का चिकटलीयेस? म्हटलं, शुद्धलेखन बघतेय.

३० एप्रिल, सावदा. आखाजी

अक्का काल धुळ्याहून आल्या. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, आबांच्या पहिल्या वर्षाची आज भरली. सासूबाईंनी घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. आबांना डांगर आवडायचं नाही.

अंगणातल्या निंबाला दोर बांधला. बावन्न वर्षांच्या अक्का पदर खोचून झोक्यावर चढल्या.

“लीलू, दे झोका. पूर्वी पळून जायचास.”

“तुझ्या वजनाला आता क्रेन लागेल, अक्का.”

“बठ्ठं माहेरचं वजन शे, बाबा.”

“ऐकलं का आई, सगळं नाही, बठ्ठं म्हणते. धुळ्याला राहून पार अहिराणी झाली ही.”

सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, “झाली तं झाली. पोरगी आपलीच हाय.”

सगळे हसत होतो. अंजिरी साडी अक्कांनी अंगावर धरून बघितली आणि मला म्हणाल्या, “माझ्या मनातला रंग कसा ओळखलास?” मी साडीची घडी पुन्हा घालून दिली.

उद्या महाराष्ट्र दिनाची सुट्टी. परवा, शुक्रवारी, कार्यालय.

१ मे, सावदा

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहायचं.

सकाळी ओसरीवर सासूबाई लोणच्यासाठी कैऱ्या फोडत होत्या. अक्का झोक्यावर नुसत्या बसल्या होत्या, पाय जमिनीवर टेकवून. लीलाधर मोटारीचा फ्यूज बघून नुकतेच शेतातून आले होते. मी कागद घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, अक्का, उद्या गडबड होईल, चुका राहिल्यात का बघायला एकदा वाचते.

मला खरोखर चुकाच बघायच्या होत्या. निदान उंबरठ्यापर्यंत तरी.

लीलाधर म्हणाले, “आता कशाला? उद्या तिथे वाचतातच.”

“तिथे कुठे वाचतात,” अक्का म्हणाल्या. “बोट ठेवतात आणि म्हणतात, इथे. वाच गं.”

“मोठ्यानं वाच बापा,” सासूबाई म्हणाल्या. “मले आता कमी ऐकू येतं.”

मी वाचायला लागले. गाव, तालुका, गट नंबर. मग ‘हक्कसोडपत्र लिहून देणार: एक, भागाबाई अभिमन...’

विळीवरचा हात थांबला.

“कोन?”

“तुम्ही, आई.”

“माह्यं नाव कसं काय त्याच्यात? सोडायचं तं पुष्पाले हाय ना?”

मी लीलाधरांकडे बघितलं. ते म्हणाले, “आई, सोपं जातं तसं. उद्या तुझ्या मागे पुन्हा वारस लावा, पुन्हा फेऱ्या. एकदाच होऊन जातं. सगळे करतात.”

“मंग माह्यं नाव आधी काह्यले?”

हे मला विचारलं होतं. मी म्हटलं, “तुम्ही मोठ्या म्हणून. मान म्हणून.”

“मोठी म्हनून आधी मलेच काढता का?”

झोक्याचा दोर तेवढा करकरला.

“आई, ते नुसतं कागदावर,” लीलाधर म्हणाले. “घर तुझंच, केळी तुझीच. तुला कोण जा म्हणतंय?”

“नुसतं कागदावरच हाय, तं राहू दे ना मंग तठी.” सासूबाईंनी पुन्हा कैरी घेतली. “चाळीस वर्सं घड वाह्यले म्या. कागदाले काय जड होते मी?”

कालपर्यंत याच बाई अक्कांना सांगत होत्या, भावाचं मन राख, एक सही तर आहे.

अक्कांनी पर्स उघडली आणि पेन काढून माझ्यासमोर धरला. “हा बघ, मी घरून पेनसुद्धा आणलाय. तिथला कधी चालत नाही. मी सही करायलाच आले होते, ज्योत्स्ना. मला कोणी जबरदस्ती नाही केली.” पेन परत पर्समध्ये गेला. “पण मला वाटलं होतं, माझं नाव काढलं तरी आईचं राहील. तिच्या नावाखाली माझं माहेर राहील.”

“अक्का, तुला हिस्सा हवा असेल तर सरळ सांग,” लीलाधर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण ते माझ्याकडे बघत होते, अक्कांकडे नाही.

“केळी तूच लाव, तूच काप. मला श्रावणात एक घड पाठव, तेवढं पुरे. नाव राहू दे. आईचं आणि माझं. उद्या मी कार्यालयात येत नाही.”

लीलाधर उठून शेताकडे निघून गेले. कागद माझ्या हातात तसाच होता. राजीखुशीने जिथे होतं तिथपर्यंत मी पोचलेच नाही.

३ मे, जळगाव

सावद्याहून येताना गाडीत एकच संभाषण.

“वाचलंस कशाला?”

“चुका बघायला.”

“मसुदा तुझाच होता.”

हे खरं आहे. त्यांनाही आईचा ‘कागदाला जड’ हा प्रश्न लागला आहे, मला दिसतं. पण तो आपल्याला नाही, मलाच लागला असं ते धरून चालले आहेत.

९ मे

लीलाधर बोलतात, पण भाजीला मीठ किती एवढंच. मी दोनदा माफी मागायला म्हणून गेले आणि दोन्ही वेळा काय चुकलं ते सांगता येईना. वाचणं चुकलं, की लिहिणं?

हिनाला फोन केला. क्रमांक एकसष्ट मी लिहिला होता, असं सांगून टाकलं. ती म्हणाली, “माहीत होतं, ताई. तुमच्याशिवाय ‘बंधूवरील’ कोण लिहितं.” मग सावद्याचं सगळं सांगितलं, आईंच्या कैऱ्यांसकट. मागे कात्री चालल्याचा आवाज येत होता.

“पेन परत पर्समध्ये ठेवला?” तिने विचारलं. “नक्की?”

२० मे

पुण्याहून दुसरी फेरी आली. पहिल्यातलेच दहा कागद, क्रम बदलून. आपण आपल्याच गुणांशी जुळतो का, हे तपासायला. वारसा कायदा सातवा होता.

तीनदा वाचला. मुलीला जन्माने, मुलाप्रमाणेच. शब्द हललेले नाहीत. मी दोन दिले. कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘हक्क देतो. तो सोडताना तिला कागद वाचून दाखवा, एवढं म्हणत नाही.’

२८ मे, बुधवार

सरांचा फोन. “मॅडम, मार्चमध्ये चार, मेमध्ये दोन. कागद तोच आहे. काय बदललं?”

म्हटलं, थर्मामीटर.

त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणाले, “पण गंमत बघा. धुळ्याच्या मॅडमचा पहिल्यांदा एक होता, आता त्यांनी तीन दिलेत. म्हणजे दोघींची सरासरी तेव्हाही अडीच, आताही अडीच. आपल्या तक्त्यात काहीच फरक पडत नाही. मी पुढे पाठवतोय.”

हिनाला विचारलं, तीन का? ती म्हणाली, “खोली रिकामी नव्हती, ताई. तिथे दोन बायका बसल्या होत्या आणि त्यांना ऐकू गेलं. उशिरा गेलं, पण गेलं. तुम्ही का उतरलात?”

“कारण त्या खोलीत मीही होते.”

जगाच्या तक्त्यात अडीच. सावद्याची ओसरी, अक्कांचा पेन, आमच्या घरातला हा महिनाभराचा अबोला, सगळं मिळून अडीच. हललंच नाही काही.

२९ मे

सकाळी चहा देताना लीलाधरांनी आपणहून विचारलं, “आईचं नाव सातबारावर वर आहे की खाली?”

“तुमच्या खाली.”

“वर घेता येतं का बघ,” म्हणाले आणि पेपर उघडला. येत नाही बहुतेक तसं. मी बघते म्हटलं.

ते गेल्यावर फैजपूरला फोन लावला. किरण केळीच्या गाडीवर होता, मागे आरडाओरडा.

“ताई? इतक्या सकाळी? बरं आहे ना सगळं?”

“बरं आहे. ते २००९ चं माझं हक्कसोडपत्र आहे ना तुझ्याकडे, त्याचा फोटो पाठव.”

मागचा आवाज कमी झाला. तो गाडीपासून लांब गेला असावा.

“आता कशाला काढतेस ते? काय झालं? भाऊजी काही म्हणाले का?”

“कोणी काही म्हणालं नाही रे.”

“मग?”

“मी ते वाचलंच नव्हतं, किरण. वाचायचंय.”

तो पाठवतो म्हणाला. दुपारचे चार वाजले आहेत. फोन शेजारी ठेवून बसले आहे.